६४ जीबीत ९१ जीबी : बर्डीवरच्या ‘फोर-के’ची हकीकत

लग्नाच्या ७ मिनीडीव्ही (जुन्या हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल) कॅसेटा, प्रत्येकी ६० मिनिटांच्या, फाइली करून घ्यायला नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात दिल्या. कॅसेटमागे ₹६८० म्हणजे ₹४,७६०, ‘फोर-के’ (३८४०×२१६० ठिपक्यांचं मोठं चित्र) करायचे वरून ₹१,५००, पेनड्राइव्हचे ₹८५०. एकूण ₹७,११०. त्यातले ₹४,००० यूपीआयने, ₹३,११० रोख. बिल म्हणून कोऱ्या कागदावर बेरीज.

या कामातलं मला कळतं, म्हणून लाज जास्त. मिनीडीव्ही फायरवायरने, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट डिजिटल उतरवणाऱ्या वायरने, जशीच्या तशी उतरवली तर तासाला साधारण १३ जीबी होतात. सात कॅसेटांचे ९१. आणि तो माझ्यासमोर ६४ जीबीच्या पेनड्राइव्हचं पाकीट फाडत म्हणत होता, “भाऊ, टेन्शन नका घेऊ, ओरिजिनल डीव्ही बी टाकून देतो अन् फोर-के बी.” ६४ मध्ये ९१ कुठे मावणार? पाचवीतलं पोरगंही हसेल. मी मान डोलावली. कॅमेरा बंद पडलाय, आताच्या लॅपटॉपला फायरवायरचं तोंड नसतं, म्हणून दुकानाची पायरी चढलो, हौस नव्हती.

घरी पेनड्राइव्ह लावला तर ५३ जीबी मोकळे! सगळ्या फाइली मिळून ६ जीबी. नावाचं शेपूट एव्हीआयचं, पण मीडियाइन्फोत (फाइलीच्या आत काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडल्यावर आत एमपी४, एच.२६४ (चित्र दाबून लहान करायची पद्धत), ३८४०×२१६०, बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, २ एमबीपीएस. डीव्हीचं नुसतं चित्रच २५ एमबीपीएसचं असतं. चित्रीकरणाची तारीखही गायब. फायरवायरने घेतलं असतं तर ती सोबत आली असती. म्हणजे टीव्हीला लावतात ती पिवळी-लाल-पांढरी वायर, स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर, आणि मग फोर-के दिसावं म्हणून ताणाताणी. ७२०×५७६ च्या चित्रात जे नाही ते ताणून येत नसतं. पैसे देण्याआधी तिथेच मीडियाइन्फो उघडायला लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे ताणण्याआधी डीइंटरलेस केलं नाही, म्हणजे एकाआड एक ओळींतल्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं केली नाहीत. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं, असतात: एकाआड एक ओळी आत्ताच्या, उरलेल्या १/५० सेकंदानंतरच्या. तसंच मोठं केलं की त्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात आणि नंतर कुठलाही फिल्टर त्या सोडवू शकत नाही. अंतरपाट बाजूला होतो, नवरीचे हात वर येतात, आणि बांगड्यांच्या जागी कंगव्याचे दात. वर जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचं रुंद १६:९ केल्याने सगळं वऱ्हाड फुगलेलं. (तेवढं आस्पेक्ट रेशो बदलून सुटतं.)

ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, “पैसे तुम्हीच देल्ले नं? फाइल चालू होते नं? मंग फसवणूक काहाची?” सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, खातं रिकामं झालं नाही, हे ठाण्याचंच. पुन्हा ठाणं. आता ते ‘दिवाणी’ झालं होतं. मीडियाइन्फोच्या प्रिंट नेल्या, बिटरेट समजावला. हवालदारांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. तो फोन अजून वाजायचाय. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर दुकानदाराने ‘सेवा दिली आहे’ एवढं कळवलं आणि तक्रार बंद! ग्राहक आयोगात ₹५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. जाणार आहे. पण पुरावा ₹४,००० चाच, रोखीचे ₹३,११० हवेत विरले. रोख देऊ नका.

आणि नंतरच्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली एमपी४ करायचे तासावर पैसे मागतात, तेही देऊ नका. एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरला ‘कॉपी’ सांगा, आतलं एच.२६४ तेच राहतं, नुसता डबा बदलतो. तासाभराची फाइल मिनिटा-दोन मिनिटांत होते. कॅसेट हातातून सोडण्याआधी तिची बारकी खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

पेनड्राइव्ह देताना तो म्हणाला होता, “कॅसेटा आता कचराच हाय, राहू द्या इथंच, आम्ही फेकून देतो.” त्या तेवढ्या मी पिशवीत टाकून आणल्या.