परमवीर राणेसाहेबांची तसबीर: एका फ्रेमवाल्याच्या कामाबद्दल

जुना फोटो साफ करून तसबीर बनवून देणारे ढिगाने आहेत. पण फौजी माणसाची तसबीर करायची तर बारकावे सांभाळावे लागतात, आणि ते शांतपणे ऐकून घेणारा दुकानदार लागतो. आम्हाला तो मिळाला, म्हणून लिहितोय.

मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते-पूल बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअर दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालो. खडकीला रंगरुटाच्या हातात माइन डिटेक्टर नंतर येतो, मेजर रामा राघोबा राणे हे नाव आधी कानावर पडतं. ११ जुलैला त्यांचा स्मृतिदिन. त्यासाठी आम्हा माजी सॅपर्सना बसायच्या खोलीत त्यांची तसबीर लावायची होती.

मूळ फोटो म्हणजे एका स्मरणिकेतल्या पानाची झेरॉक्स, नेमकी चेहऱ्यावर घडी. दुकानातल्या मुलीने ती घडी काढली, पण चेहऱ्याला हात लावला नाही. हल्ली कॉम्प्युटरवर माणूस इतका गुळगुळीत करतात की घरच्यांनाही ओळखू येऊ नये. इथे चेहरा राणेसाहेबांचाच राहिला.

पहिल्या प्रूफमध्ये मात्र दोन चुका होत्या. रिबन लाल केली होती. परमवीर चक्राची रिबन साधी जांभळी असते, तिच्यात दुसरा पट्टा नसतो. पदक काशाचं, मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. हे सावित्रीबाई खानोलकरांचं डिझाइन. दुसरी चूक जास्त लागली: नावाआधी ‘हुतात्मा’ छापलं होतं. परमवीर म्हटलं की माणूस रणातच गेला असं बऱ्याच जणांना वाटतं. राणेसाहेब लढून परत आले, १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली गेले.

मालकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “काका, नीट सांगा.” मग सांगितलं. एप्रिल १९४८, पाकिस्तानबरोबरची काश्मीरची लढाई, जम्मूकडचा नौशेरा ते राजौरी रस्ता. पुढे सरकणाऱ्या ४ डोग्रा या पायदळ पलटणीसाठी सुरुंग काढायचे आणि रस्ता मोकळा करायचा. तेव्हा राणेसाहेब सेकंड लेफ्टनंट होते. ८ तारखेला काम सुरू होताच मॉर्टरचा मारा झाला, दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत राणेसाहेब स्वतः. तरीही काम थांबलं नाही. पाडलेली पाइनची झाडं स्फोटाने उडवायची, उद्ध्वस्त मोरीला वळसा काढायचा, वर मशीनगन चालूच. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरुवात. ११ तारखेला चिंगसपर्यंत रणगाड्यांची वाट खुली केली आणि रात्री दहापर्यंत मागच्या गाड्यांसाठी रस्ता साफ करत राहिले. दुसऱ्या दिवशी राजौरी हाती आली. आमच्यात असंही सांगतात की ते रणगाड्याखालून रांगत गेले आणि चालकाला दोरीने इशारे देत राहिले. मला सुरुंगाचं काम माहीत आहे, त्यामुळे ते चार दिवस डोळ्यांपुढे आले की आजही अंगावर काटा येतो.

दुरुस्त प्रूफ दुसऱ्याच दिवशी आलं. रिबन जांभळी, आणि खाली फक्त ‘मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र, १९१८–१९९४’. दुरुस्तीचा एक पैसाही जादा घेतला नाही.

अठरा बाय चोवीस इंची तसबीर, माउंट आणि लाकडी पट्टीसकट ३,८०० रुपये. पट्टीचे कोपरे नीट जुळलेत, मागे ओल लागू नये म्हणून कागद चिकटवलाय. काच मात्र साधी आहे, ट्यूबलाइट लावली की चकाकते; न चकाकणारी काच आधीच मागून घ्या. शनिवारी देतो म्हणाले आणि मंगळवारी दिली. ११ तारखेच्या आत हातात पडली, म्हणून निभावलं.

कुणी आपल्या पलटणीच्या साहेबांची तसबीर करणार असेल तर सोबत सन्मानपत्राची प्रत आणि शक्य असेल तर रिबनचा खरा तुकडा घेऊन जा. फोटोवरून रंग सांगून भागत नाही, आणि हे लोक तुकडा समोर ठेवून रंग जुळवतात.