‘गॉन’ मालिका: नववीतल्या मुलीबरोबर सहाही भाग वाचल्यावर

मायकल ग्रँटची ‘गॉन’ ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका आमच्या घरी पावसाच्या तोंडावर आली. आता गणपतीची चवथ होऊन दिवाळीची साफसफाई सुरू झाली आहे. मधल्या काळात माझ्या नववीतल्या मुलीने आणि मी ‘गॉन’ (2008) पासून ‘लाइट’ (2013) पर्यंतचे सहाही भाग वाचले. संध्याकाळी शेजारची मुलं यायची, त्यांना काही प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवली. चौदा-पंधराच्या मुलांसाठी इतकं मन लावून लिहिलेलं फार थोडं वाचायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या पेर्डिडो बीच या किनाऱ्यावरच्या गावातली. इतिहासाच्या तासाला शिकवता शिकवता शिक्षक नाहीसे होतात. त्यांच्यासोबत गावातलं पंधरा आणि त्याच्या वरचं प्रत्येक माणूस गायब. अणुवीज केंद्राभोवती वीस मैल व्यासाची एक अभेद्य भिंत उभी राहते. आत फक्त मुलं उरतात आणि त्यांतल्या काहींच्या अंगात अचाट शक्ती जागी होते. पहिल्या भागात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तास-मिनिटं उलटी मोजलेली आहेत, कारण पंधरावा वाढदिवस आला की आतलं मूलही नाहीसं होतं. हातातलं पुस्तक खाली ठेववत नाही ते त्यामुळेच.

माझ्या मनात सगळ्यात खोल गेली ती कोट्स अकॅडमी. गावाबाहेर डोंगरात असलेली ही निवासी शाळा. पैसेवाल्या आईबापांनी ‘हाताबाहेर गेलेली’ म्हणून पाठवून दिलेली मुलं तिथे राहतात. मोठी माणसं नाहीशी झाल्यावर हीच मुलं गणवेश घालून, गाड्यांची रांग लावून शिस्तीत गावात उतरतात. केन त्यांचा पुढारी. गोड बोलतो, नीट नियम सांगतो, आणि घाबरलेल्या गावाला तेच हवं असतं. त्याच्यासोबतची डायना हात हातात घेऊन कोणात किती शक्ती आहे ते सांगते, तेही मोबाइलच्या सिग्नलसारखं, दांड्यांमध्ये. केनला आपल्या तोडीचं कोणी नको असतं. शक्ती तळहातांतून बाहेर पडते असा त्यांचा समज. म्हणून शाळेतल्या ज्या मुलांना शक्ती आली आणि जी वाकली नाहीत, त्यांचे दोन्ही हात सिमेंटच्या ठोकळ्यात बसवून टाकले जातात. त्या मुलांना तोंड खाली घालून जनावरासारखं खावं लागतं. त्यांची सुटका करताना ते सिमेंट घणाने फोडावं लागतं आणि आतून सोललेली, दुर्गंध सुटलेली कातडी निघते.

हे प्रकरण मी मोठ्याने वाचलं तेव्हा खोलीत चिडीचूप झालं. मग माझ्या मुलीने विचारलं, “त्यांच्या आईबाबांनी शाळा आधी बघितली नव्हती का?” या प्रश्नावर आम्ही जेवणापर्यंत बोलत होतो. इतरांचे छळ करायला कोट्सच्या मुलांना अशा गोष्टींत बऱ्याचदा असतो तशा प्रयोगशाळेतल्या कोणा शास्त्रज्ञाने शिकवलेलं नाही. घरच्यांनी त्यांना नजरेआड केलं आणि शाळेने ती सांभाळून ठेवली, एवढंच झालेलं असतं. मला ते कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त भीषण वाटलं.

दुसरा भाग ‘हंगर’ मालिकेतला सर्वोत्तम, असं माझं ठाम मत आहे. मुलांनी आधी चिप्स, चॉकलेट, आइस्क्रीम फस्त केलेलं असतं आणि तोवर फळं, मांस, दूध सडून गेलेलं असतं. शेतात कोबी उभा आहे, पण काढायला कोणी जात नाही. कथेचा नायक सॅम याच्या तळहातातून जाळून टाकणारा प्रकाश निघतो, पण त्या प्रकाशाने कोणाचं पोट भरत नाही. इथे अल्बर्ट पुढे येतो. त्याच्यात कसलीही शक्ती नाही. काम करणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे, हे त्याला कळतं. सोनं आणि मॅकडोनाल्ड्सच्या खेळातले कागदाचे तुकडे वापरून तो चलन सुरू करतो.

आणि क्विन. पहिल्या भागात मित्राला, म्हणजे सॅमला, ऐन वेळी दगा देणारा हा मुलगा पुढे होडी घेऊन समुद्रात जायला लागतो आणि सगळ्या गावाला मासळी पुरवतो. आम्ही हे वाचत होतो तेव्हा गोव्यात 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी चालू होती आणि घरोघरी सुकी मासळी निघाली होती. मांद्र्याच्या आमच्या वाड्यावर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरायला, जाणारी घरं आहेत. त्यातल्याच एका मुलाला क्विन इतका आवडला की तो रोज पुढचं विचारायला यायचा. अल्बर्टने मासळी विकत घेऊन बाजार मांडला तेव्हा या मुलाने हरकत घेतली. “काकी, रापणीत दोर ओढला त्याचा वाटा असतोच. हा एकटाच का भाव ठरवतो?” पाचव्या भागात क्विनच्या एका सोबत्याला अमानुष शिक्षा दिली जाते. तेव्हा क्विन आणि त्याचे सोबती होड्या पाण्यात घालायचं नाकारतात. गावावर राज्य करणाऱ्या केनकडे भिंती उपटून फेकायची ताकद आहे, पण मासे पकडायला दहा-वीस राबणारे हात लागतात, ते त्याच्याकडे नाहीत. ते पान त्या मुलाने माझ्या हातून घेऊन स्वतः वाचलं. इंग्रजी अडखळत, पण शेवटपर्यंत वाचलं.

होंडुरासहून आलेल्या कुटुंबातला एडिलिओही तसाच. शक्ती नाही, पण खड्डे खणणं, पहारे लावणं, मेलेल्यांना पुरणं, सगळं त्याच्याकडे येतं. माझ्या मुलीच्या लेखी नायक तोच.

आता पालकांसाठी दोन गोष्टी. हिंसा खरी आहे आणि पुढच्या भागांत ती वाढतच जाते. ड्रेक नावाच्या मुलाला दुसऱ्याला दुखवण्यात आनंद मिळतो, आणि लेखक तिथे नजर वळवत नाही. चिमुरड्यांचं पाळणाघर चालवणारी मेरी स्वतः मात्र खाल्लेलं ओकून टाकते. हे वर्णन इतकं जवळून केलं आहे की खाण्याच्या बाबतीत नाजूक असलेल्या मुलीच्या हातात ते एकटीला देऊ नये. बारा वर्षांच्या मुलाला मी ही मालिका देणार नाही. चौदानंतर द्या आणि बरोबरीने स्वतःही वाचा.

काही गोष्टी खटकल्या. सॅमची मैत्रीण ॲस्ट्रिड, तिचा धाकटा भाऊ पीट स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. पहिल्या काही भागांत लेखक त्याच्याकडे एखाद्या कोड्यासारखं बघतो, मूल म्हणून फार कमी. आमच्या ओळखीत असं मूल आहे, त्यामुळे मला ते जास्त लागलं. तिसऱ्या-चौथ्या भागात पात्रांची गर्दी होते आणि कोण कुठे आहे हे लक्षात ठेवण्यातच दम जातो. आम्ही कागदावर नावं लिहून ठेवली होती. इंग्रजी मात्र सोपं आहे. वाक्यं छोटी, संवाद भरपूर. घरी कोंकणी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांनाही झेपतं. पुस्तकं जाड आहेत आणि आमच्याकडे आलेल्या एका प्रतीची पानं पहिल्याच वाचनात सुटली. विक्रेत्याने बदलून दिली नाही. पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागते, म्हणून कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवला, त्याने निभावलं.

2017 ते 2019 मध्ये याच जगातले आणखी तीन भाग आले. त्यांतला पहिला, ‘मॉन्स्टर’, मी चाळला. त्याची घाई मला वाटत नाही. आधी फक्त ‘गॉन’ आणि ‘हंगर’ घ्या. ‘हंगर’च्या सुरुवातीलाच कोबीच्या शेतात दात असलेले किडे एका मुलाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकतात. तेवढं वाचून झाल्यावर तुमच्या मुलाला पुढचं हवं असेल, तर बाकीचे चार एकदमच मागवा, कारण मधे थांबायला ते तयार होणार नाही.