‘तंबाखूऐवजी किराणा दाखवू’ म्हणणाऱ्याला सही देऊ नका

निपाणीत आमची जर्द्याची लहान वखार आहे, आजोबांपासूनची. परवाना आहे, जीएसटी भरतो, माल बिलावर जातो. गडहिंग्लज, संकेश्वर, कागलच्या दुकानदारांची उधारी गोळा करायला मुलगा दर आठवड्याला गाडीवर फिरायचा. ती पायपीट वाचावी म्हणून पेमेंट लिंक, म्हणजे मोबाइलवर पाठवून पैसे मागवायची लिंक, घ्यायचं ठरवलं.

अशी लिंक देणाऱ्या तीन पेमेंट कंपन्यांकडे अर्ज केले. दोघांनी तंबाखू चालत नाही म्हणून कळवलं. तिसरीने खातं उघडलं आणि नवव्या दिवशी बंद केलं, कारण न सांगता. तंबाखू वाईट हे मला कुणी शिकवायला नको. वखारीतल्या बायकांचा खोकला मी रोज ऐकतो. पण २००३ च्या कायद्याने जाहिरात बंद केली, १८ वर्षांखालच्यांना विकणं बंद केलं, घाऊक व्यापार बंद केलेला नाही. सरकारला आमचा कर चालतो. मग आम्ही पैसे घ्यायचे तरी कुठून?

आठवड्याभरात एकाचा फोन आला. “काका, तुमचा अर्ज नाकारलाय ना? आम्ही हाय-रिस्क, म्हणजे जोखमीच्या धंद्यांसाठीचं, खातं काढून देतो.” नाकारल्याचं याला कसं कळलं, हे विचारायला हवं होतं. कार्डाच्या व्यवहारात प्रत्येक धंद्याला चार आकडी कोड असतो, तंबाखूच्या दुकानाचा ५९९३. तो म्हणाला, त्याऐवजी किराणा दाखवू. २४,००० रुपये घेतले आणि ‘किराणा मालाचा व्यापार’ असं लिहिलेल्या कागदावर माझी सही घेतली.

दोन आठवडे पैसे नीट आले, पण पाठवणाऱ्याचं नाव कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचं. तिथेच थांबायला हवं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पेमेंट कंपनीने व्यापाऱ्यांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्यांच्यासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात, ठेवायचे असतात. माझ्या दुकानदारांचे पैसे कुणाच्या तरी चालू खात्यात पडत होते. परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे; मी ती नंतर उघडली. त्यात याच्या कंपनीचं नावच नव्हतं.

मग १,८६,००० अडकले. सोडवायला आणखी ४०,००० मागितले, तेही मी भरले. त्यानंतर फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केला असता तर पुढच्या खात्यात जाण्याआधी काही रक्कम गोठवता आली असती. मी ११ दिवस घालवले, त्या सहीमुळे. खोट्या कागदावर नाव माझं, तक्रार केली तर मीच अडकेन, असं वाटत राहिलं. ती सही त्याने त्यासाठीच घेतली होती, हे आता कळतं. तुमच्याकडून कुणी असा कागद घेतला असेल, तरी त्याच दिवशी फोन करा. पोलिसांना मी कागदासकट सगळं सांगितलं. तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली, शेजाऱ्याने ओळ न् ओळ वाचून दाखवली, मग सही केली. अजून एक पैसाही परत आलेला नाही.

दुकानदारांची खाती मात्र मी वहीत जमा करून टाकली. त्यांनी पैसे दिले होते.