जुन्या डिझेल इंजिनाची पुनर्बांधणी : एका वर्कशॉपच्या कामाचा अनुभव

आमच्या संस्थेने जपलेल्या जुन्या डिझेल लोकोमोटिव्हचे इंजिन, म्हणजे १६ सिलिंडरांचे, दोन-स्ट्रोक पद्धतीचे ईएमडी (जनरल मोटर्सची इलेक्ट्रो-मोटिव्ह डिव्हिजन) ५६७बी, आम्ही संपूर्ण पुनर्बांधणीसाठी एका खासगी वर्कशॉपकडे सोपवले होते. ८०० आरपीएमला १,५०० अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनाचे मूळ दुखणे म्हणजे वंगण तेलात उतरणारे पाणी. ५६७सी ही पुढची आवृत्ती येण्यापूर्वीच्या या इंजिनांत थंडाव्याचे पाणी लायनरभोवती (सिलिंडरमधील बदलता येणाऱ्या नळीभोवती) थेट ब्लॉकमध्येच खेळते, त्यामुळे रबरी सील कडक झाले की पाणी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या खालच्या भागात, झिरपते आणि बेअरिंगांचा घात करते.

या कारागिरांनी केवळ सील बदलून काम उरकले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. लायनर काढल्यावर त्यांनी सील बसण्याच्या जागा घासून स्वच्छ केल्या, आणि त्यांपैकी एका जागी गंजाने पडलेला, नखाला जाणवेल एवढाच खड्डा मला बोट फिरवून पाहायला लावला. तो भरून, पुन्हा मशीनिंग करूनच नवा लायनर बसवण्यात आला. क्रँकशाफ्टचे प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजले गेले.

तक्रार एकच आहे: मोजमापांची नोंदवही वारंवार मागूनही फार उशिरा हाती आली, आणि एवढ्या मोलाच्या यंत्राच्या बाबतीत ते योग्य नव्हे.

सुरू करण्यापूर्वी टेस्ट कॉक (सिलिंडरांवरील तपासणीच्या छोट्या तोट्या) उघडे ठेवून इंजिन हाताने फिरवले, तेव्हा एकाही सिलिंडरमधून पाण्याचा थेंब आला नाही. लोड बॉक्सवरील (इंजिनावर कृत्रिम भार टाकणाऱ्या उपकरणावरील) चाचणीनंतर तेलही स्वच्छ निघाले.