ओढायचा ग्रेडर की मोटर ग्रेडर?

ग्रेडर, म्हणजे लांब पात्याने माती सपाट करून रस्ते करणारं जुनं यंत्र, भंगारातून सोडवून नीट करायचं मनात असेल, तर पहिला प्रश्न एकच. ट्रॅक्टरमागे ओढायचा, हातचाकांनी पातं वर-खाली करायचा ग्रेडर घ्यायचा, की स्वतःचं इंजिन असलेला मोटर ग्रेडर?

माझा कौल पहिल्याला. त्यात इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, डिझेल पंप नाही. चौकट, पातं, पातं फिरवणारं सर्कल, वर्म गिअर आणि चाकं, एवढाच संसार. अमेरिकेत जे. डी. अ‍ॅडम्स यांनी १८८५ मध्ये झुकणाऱ्या चाकांचा ग्रेडर आणला. पात्यावर माती एका बाजूने रेटते, तिला तोंड द्यायला चाकंच कलती करायची, ही त्यातली अक्कल. असं यंत्र मिळालं तर कलण्याचे सांधे आधी बघा. झिजलेले पिन-बुश बडोद्याच्या मकरपुऱ्यात कुठलाही बरा लेथवाला करून देईल. खरी भीती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बिडाचं गिअरघर तडकलेलं असेल तर साध्या रॉडने वेल्डिंग करू देऊ नका, शेजारी नवी चीर पडते. आधी तापवून, निकेल रॉडने थोडं थोडं जोडून, सावकाश निवू द्यावं लागतं. घाईचा मिस्त्री इथे घात करतो.

मोटर ग्रेडरचा मोह मात्र मी समजू शकतो. कॅटरपिलरने १९२८ मध्ये रसेल ही ग्रेडर कंपनी घेतली, १९३१ मध्ये ऑटो पॅट्रोल हा मोटर ग्रेडर आणला, १९३८ मध्ये बारा नंबरचं मॉडेल. जुन्या डिझेल बारा नंबरला सुरू करायला दोन सिलिंडरचं वेगळं पेट्रोल इंजिन असतं. ते आधी चालवायचं, त्याने मोठं इंजिन फिरवायचं. थंड मुलखात त्याची ऊबही कामाला येते. बडोद्याच्या मे महिन्यात ऊब कोणाला हवी, पण ते बंद म्हणजे मोठंही बंद. म्हणजे दुरुस्तीला दोन इंजिनं.

शिवाय आठ-दहा टनांचं धूड. क्रेन आणि लो-बेड ट्रेलर आलाच, आणि ठेवायला उंचावरची जागा: ऑगस्ट २०२४ मध्ये पुरात विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते आठवा. भंगारवाला किलोवर भाव करणार, तिथेही जडच पडणार. लक्ष्मीविलास पॅलेसवर जानेवारी २०२३ मध्ये व्हिंटेज मोटारी बघायला गाव लोटलं. त्या मोटारींना वाट करून देणाऱ्या यंत्रांकडे अजून कोणी बघत नाही, तेवढाच आपला फायदा.

तरी मोटर ग्रेडरच हवा असेल तर सौद्याआधी दोन गोष्टी करा. ऑइल चेंबरचा बोल्ट थोडा सैल करा. तळाशी बसलेलं पाणी ऑइलच्या आधी बाहेर येतं. धुराड्याचं तोंड वर्षानुवर्षं उघडं असेल तर पाणी सिलिंडरमध्येही उतरलेलं असू शकतं. मग पहारीने क्रँक फिरवून बघा. जराही हलला तर बोलणी पुढे न्या. जाम असेल आणि मालक म्हणाला, "डिझेल ओतून ठेवा, सुटेल," तर त्यालाच ओतून सोडवून द्यायला सांगा.

रंगाची घाई दोन्हीकडे नको. कॅटरपिलरची यंत्रं १९३१ च्या अखेरपर्यंत राखाडी असत, पिवळी नंतर झाली. सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग-गंज काढायला, देण्याआधी कोपऱ्यातला रंग खरवडून बघा आणि नंबरप्लेट काढून घरात ठेवा.