हंसराज की चारपानी नेचा?

विहिरीच्या मागे, आंब्याच्या सावलीत, मोटारीच्या पाइपाखाली सदा ओल राहणारी आणि म्हणूनच भाजीपाल्याच्या कामी न येणारी जागा आमच्या भंडारा-गोंदियाकडे पुष्कळ घरांमागे असते. तिथे देशी नेचा लावायचा झाल्यास निवड बहुधा दोघांतच असते: विहिरीच्या दगडी सांध्यांत वाढणारा हंसराज आणि धानाच्या बांधीत दिसणारा चारपानी नेचा, म्हणजे मार्सिलिया. मी दोन्ही लावून पाहिले.

देखणेपणात हंसराज निःसंशय सरस आहे. पात्याचे टोक जमिनीला टेकले की तिथेच मूळ धरून नवे रोप होते. त्यामुळे पावसाळ्यात एका रोपाचा वाफा होतो.

परंतु मार्च सरता सरता तो वाळू लागतो. पहिल्या वर्षी मला वाटले की पाणी कमी पडले, म्हणून दुसऱ्या वर्षी सकाळ-संध्याकाळ पाणी दिले, तर पाती वाळलीच आणि काही रोपांचे कंदही कुजले. कोरड्या दिवसांत विश्रांती घेऊन पावसाबरोबर पुन्हा फुटणे हा त्याचा स्वभावच आहे, त्याला दोष देता येत नाही. तरीही ज्या एप्रिल-मे महिन्यांत डोळ्यांना हिरवळ हवी असते, नेमक्या त्याच दिवसांत काळ्या तारांसारखे वाळके देठ पाहत राहणे मला फार जड गेले.

मार्सिलिया मी सिमेंटच्या जुन्या हौदात, कन्हार म्हणजे काळ्या, चिकण मातीच्या चिखलात लावला आणि वर चार बोटे पाणी ठेवले. पाणी टिकले तोवर भर उन्हाळ्यातही तो हिरवा राहिला. संध्याकाळी त्याची चारही पाने मिटतात, हे पाहण्यासाठी मी अजूनही थांबतो. एकदा हौद आटला तेव्हा पाने गेली, पण देठांच्या बुडाशी धरणाऱ्या त्याच्या टणक, दाण्यांसारख्या बीजाणुकोशांत कोरड्या चिखलातही वर्षानुवर्षे जीव राहतो. अर्थात गर्द सावलीत त्याचे देठ लांबतात आणि पाने विरळ होतात, म्हणून झाडाच्या कडेला, थोडे झिरपते ऊन मिळेल अशी जागा बरी. बांधीत तो तणच ठरतो, तेव्हा त्याचे धावते खोड हौदाबाहेर जाऊ देऊ नये.

आपल्याकडची सावली फारच गडद असल्यास हंसराजाचा विचार कदाचित योग्य ठरेल. मी मात्र त्याला विहिरीच्या दगडांतच राहू दिले आहे. मार्सिलियासाठी खर्च काहीच नाही: धानाच्या निंदणाच्या वेळी उपटून बांधावर टाकलेल्या तणातून मुळांसकट मूठभर आणावा आणि त्याच दिवशी चिखलात दाबावा.