रंगीत कँडी निवडताना: कृत्रिम रंग, नैसर्गिक रंग आणि बिनरंगी पर्याय

लहान मुलासाठी कँडी घेताना कृत्रिम रंगाची घ्यावी की नैसर्गिक रंगाची, हा प्रश्न ‘विष की अमृत’ अशा थाटात मांडला की उत्तर हमखास चुकते. दोन्हींतली साखर तितकीच असते आणि दातांना रंगाशी काही देणेघेणे नसते, त्यामुळे तुलना करायची ती केवळ रंगाची.

कृत्रिम रंगांविषयीची मुख्य शंका मुलांच्या चंचलतेची आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठाने ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या सुमारे ३०० मुलांना काही दिवस रंग व सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठी घालतात ते रसायन यांचे मिश्रण घातलेले पेय दिले, तेव्हा काही मुलांची चंचलता वाढलेली आढळली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला परिणाम सरासरीने लहान होता, मुलागणिक वेगळा होता आणि मिश्रण दिल्यामुळे दोष नेमका कोणत्या रंगाचा हे ठरवता आले नाही. तरीही टार्ट्राझीन, सनसेट यलो, अल्युरा रेड यांसह सहा रंगांपैकी एखादा वापरल्यास मुलांच्या वर्तनावर व एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणे युरोपीय संघाने २०१० पासून बंधनकारक केले. माझ्या मते ज्या घरात मूल आधीच अतिचंचल आहे, तिथे एवढी शंकाही हे रंग टाळण्यास पुरेशी आहे.

प्रमाणाचा हिशेबही करून पाहावा. युरोपात अल्युरा रेडची रोजची स्वीकार्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २० किलोच्या मुलाला १४० मिलिग्रॅम. एरिथ्रोसीन या आणखी एका कृत्रिम लाल रंगाची मर्यादा मात्र ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच मुलाला अवघे २. या एरिथ्रोसीनला अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतून हद्दपार करण्याचा आदेश दिला. कारण होते नर उंदरांमधील थायरॉइडच्या गाठी. ज्या यंत्रणेमुळे त्या होतात ती माणसात आढळत नसली, तरी तिथला कायदा प्राण्यांत कर्करोग घडवणाऱ्या रंगाला थाराच देत नाही.

नैसर्गिक रंगांची बाजू तुलनेने सुरक्षित असली तरी निर्धोक नाही. कार्माइन हा गडद लाल रंग कोचिनियल किड्यांपासून काढतात. तो शाकाहारी नाही आणि क्वचित त्याची तीव्र ॲलर्जीही होते. टार्ट्राझीनने काहींच्या अंगावर पित्त उठते, हे खरेच. पण तसे ते ॲनाटो या बियांच्या रंगानेही उठल्याच्या नोंदी आहेत. शिवाय हे रंग लहरी असतात: बिटाचा लाल उष्णतेने उडतो, हळदीचा पिवळा उजेडात फिका पडतो, आणि फळांतला अँथोसायनिन आंबट कँडीत लालभडक दिसतो, आंबटपणा कमी झाला की जांभळट होतो. म्हणून अशी कँडी जरा मलूल दिसली, तर ती शिळी आहे असे समजू नये.

रंगाची शंका मुळातूनच नको असेल तर बिनरंगी कँडी सर्वांत सोपी, विशेषतः ॲलर्जी असलेल्या मुलासाठी. फक्त पांढरीशुभ्र दिसणारी कँडी बिनरंगी असेलच असे नाही: ती शुभ्रता अनेकदा टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याची असते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातलेला हा पदार्थ घटकांच्या यादीत ई १७१ या क्रमांकानेही लिहिलेला असू शकतो.